बाहेरच्या खडकावरचा स्पंज

बुरशीवालीने फ्रीझरच्या दाराच्या फटीवर आपल्या डोक्यातला एक लांब केस आडवा धरला आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे लावले. मग दोन पावलं मागे सरून पाहिलं. केस दिसत नव्हता. तो पिकलेला होता आणि फ्रीझरचं दार पांढरं. पिकल्या केसांचा आजवर एवढा एकच उपयोग झाला, असं मनाशी म्हणत तिने दिवा घालवला आणि ती घरी गेली.

सकाळी येऊन पाहते तर केस जागेवर नाही. तिच्या टेबलावर मात्र टिश्यू पेपरची नीट घडी घालून ठेवलेली, आणि शेजारी हात मागे बांधून पणबुवा उभा.

“हा तुमचा असावा,” तो म्हणाला.

तिने घडी उघडली. आत केस होता, चिकटपट्टीसकट.

“फ्रीझर उघडलात कशाला?”

“तुमच्या बाटल्यांना कोणी हात लावतंय का, ते पाहायला.”

“मग? लावला कोणी?”

“आता मीच लावला ना. पण बाकी सगळं जागच्या जागी आहे.”

‘पण’ आल्याशिवाय त्याचं बोलणं पुरं होत नसे, म्हणून तो पणबुवा. ती बुरशीवाली, कारण गेली कित्येक वर्षं ती बुरशी वाढवण्याचं आणि मारण्याचंच काम करत आली होती. प्रयोगशाळेत दोघांची टेबलं एकमेकांना लागून होती, हात धुवायचं सिंक एकच होतं, आणि अलीकडे दोघंही एकमेकांवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवत होते. तिच्या कपाटात टेबलं पुसायच्या जालीम बुरशीनाशक औषधाची एक बाटली असे. तिच्यावर त्याने पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती, औषध रेघेखाली उतरलं तर कळावं म्हणून. ती रेघ तिला पहिल्याच दिवशी दिसली होती. तिने ती पुसली नाही. पुसली असती तर चोराच्या मनात चांदणं, असं म्हणायला तो मोकळा झाला असता.

या सगळ्याच्या मुळाशी होता एक स्पंज. समुद्राच्या तळाला चिकटून राहणारा, विटकरी रंगाचा, हाताला ओल्या पावासारखा लागणारा. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही, दिवसभर अंगातून पाणी गाळत एका जागी बसून राहायचं एवढंच त्याला येतं. अशा बापड्याला कोणीही खाऊन टाकलं असतं. म्हणून असे जीव अंगात नाना तऱ्हेची विषं तयार करतात, आणि त्या विषांपैकी एखादं बुरशी मारणारं निघेल, या आशेवर बुरशीवालीसारखी माणसं जगतात. तिची आशा तर अगदी ठरावीक होती. समोरच्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात एक बुरशी शिरली होती. ती रोग्यांच्या रक्तात उतरे आणि असलेल्या एकाही औषधाला दाद देत नसे. तिचा नमुना प्रयोगशाळेत आला तेव्हा बुरशीवालीने त्याचं नाव ‘हट्टी’ ठेवलं.

स्पंजाचा अर्क काढायचा, कागदाच्या बारक्या चकतीवर सोडायचा, चकती वाळवायची आणि हट्टीचा थर दिलेल्या प्लेटवर ठेवायची. अर्कात दम असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती बुरशी उगवत नाही. चंद्राला पडतं तसं स्वच्छ गोल खळं पडतं. पहिल्या पिशवीतल्या स्पंजाने असं खळं पाडलं की बुरशीवालीने प्लेट उजेडात धरून सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवली. दुसऱ्या पिशवीतल्या स्पंजाने काहीही केलं नाही. तिसऱ्याने पुन्हा खळं पाडलं. चौथा पुन्हा ढिम्म. सूक्ष्मदर्शकाखाली चारही स्पंज एकच, त्यांच्या अंगातले काचेसारखे काटेसुद्धा तेच.

पणबुवाचं म्हणणं, खळं पडतं तेव्हा ते बाटलीतल्या औषधाचं असतं. तिचं म्हणणं, खळं पडत नाही तेव्हा कोणीतरी अर्क रात्रभर बाहेर ठेवून नासवलेला असतो. दोघांनीही हे एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंना मात्र दोघांनी वेगवेगळं जाऊन सांगितलं होतं.

मोठ्या बाईंनी दोघांना एकदमच खोलीत बोलावलं.

“चोर कोण आणि साव कोण, ते मला नको. त्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा रोज फोन येतो. पुढची पिशवी दोघांनी मिळून उघडा, मिळून कापा, मिळून प्लेट लावा. खळं पडलं तर पडलं. नाही पडलं तर हे काम बंद, आणि टेबल रिकामं.” मग त्या बुरशीवालीकडे वळल्या. “आणि पाण्याखालचे फोटो कुठे आहेत? स्पंज जिथून काढला त्या जागेचा फोटो हवा, हा नियम तूच केलास ना?”

“दादाचा कॅमेरा बिघडलाय, बाई.”

“बाहेरचा पाणबुड्या असता तर तू त्याची पिशवी फाटकाच्या आत घेतली नसतीस. आपला तो बाब्या.”

पणबुवाने खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्याचं ते कार्टं, हा उरलेला अर्धा भाग कोणी बोललं नाही, पण तिघांनाही तो ऐकू आला. बुरशीवालीचे कान तापले. टेबल गेलं असतं तरी तिने कुठेतरी दुसरं शोधलं असतं. पण चकतीत औषध मिसळणारी बाई, असं एकदा नावामागे लागलं की ते मरेपर्यंत सुटत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आणि दादाच्या शब्दाला पुरावा मागायचा तरी कसा? तिचा मोठा भाऊ या किनाऱ्यावरचा नावाजलेला पाणबुड्या. बुडालेले नांगर, मोटारी, एकदा तर आख्खं इंजिन त्याने तळातून वर काढलं होतं. ती लहान असताना तो पाण्यात गेला की ती काठावर श्वास रोखून बसायची, आणि दर वेळी तिचाच श्वास आधी संपायचा. त्याने पिशवीवर ‘बाहेरचा खडक, तीस मीटर’ असं लिहिलं की ते खरंच असणार, त्यात काय बघायचं?

पाचवी पिशवी आली तेव्हा तिला दादाच्याच हातची गाठ आणि दादाच्याच हातची चिठ्ठी होती. पणबुवाने गाठ उलटसुलट करून पाहिली आणि मगच कात्री तिच्या हातात दिली. दोघं समोरासमोर बसले आणि एकमेकांच्या बोटांवर नजर ठेवून स्पंज चिरू लागले.

एका तुकड्यात तिची सुरी कशाला तरी अडली. कुरकुर आवाज झाला. तिने चिमट्याने ओढून काढलं तर एक पातळ, कडक, तांबूस पापुद्रा निघाला. शिंपला नव्हता, दगडही नव्हता. तिने वर पाहिलं. पणबुवा आपल्या तुकड्यातली वाळू झटकत होता. हा त्यानेच टाकला असणार, असं तिच्या मनात आलं, आणि आता मी काय करते ते बघतोय. तिने पापुद्रा हातमोज्याच्या आत सरकवला आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुढचा तुकडा उचलला.

प्लेट दोघांनी मिळून लावली. बुरशी उगवायला ठेवतात त्या ऊबपेटीत ती ठेवून कुलूप घातलं. किल्ली मोठ्या बाईंनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी खळं पडलं होतं. असं तसं नव्हे, आजवरचं सगळ्यात मोठं. मोठ्या बाईंनी पट्टी लावून दोनदा मोजलं आणि तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला. पणबुवा बराच वेळ प्लेट हातात धरून उभा होता. मग तो बुरशीवालीच्या टेबलाशी आला.

“मी तुमच्यावर संशय घेतला,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

ती ‘पण’ची वाट पाहत राहिली. तो आला नाही. पणबुवाने कपाटातली बाटली काढली, अंगठा ओला करून पेन्सिलीची रेघ पुसली आणि बाटली जागेवर ठेवली. माणूस इतका सरळ वागतो म्हणजे यात काहीतरी गोम आहे, असं तिला वाटून गेलं, आणि आपल्याला असं वाटतं याची तिला लाजही वाटली.

“आता एकच पिशवी आणखी,” मोठ्या बाई म्हणाल्या. “फोटो नाही तर नाही. तू स्वतः होडीत बस, तुझ्यासमोर स्पंज निघू दे, आणि चिठ्ठी तू लिही. तेवढ्यावर मी पुढे पाठवते.”

सगळे चहाला गेले. बुरशीवालीने काल हातमोज्यातून खिशात टाकलेला पापुद्रा काढला. आता पणबुवाचा प्रश्न मिटला होता, मग हा आला कुठून? तिने तो चिमट्यात धरून बर्नरच्या ज्योतीत घातला. ज्योत हिरवी झाली. शाळेतल्या पोरालाही कळेल इतकी लख्ख हिरवी. तांबं.

ती खाली बसली. तांब्याचा तांबूस रंग कशाला देतात, हे धक्क्याजवळ वाढलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. होड्यांच्या बुडाला देतात, शिंपले आणि शेवाळ चिकटून बसू नयेत म्हणून. तो रंग पाण्यात हळूहळू विरघळतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक बारक्या जिवाला मारतो. बुरशी तर त्याने सहज मरेल. पण बाहेरच्या खडकावर तीस मीटर खोल होडीचं बूड कुठून जाणार?

मग तिने फ्रीझर उघडला आणि पाचही बाटल्या काढल्या. तार अर्कात बुडवून एकेक ज्योतीत धरली. दुसरी आणि चौथी नुसती पिवळी जळली, समुद्राच्या मिठाने जळते तशी. पहिली, तिसरी आणि पाचवी पिवळ्याच्या कडेने हिरवी. स्पंज बिचारा दिवसभर पाणी गाळत होता, आणि जे पाणी मिळालं त्यातलं तांबं अंगात साठवत होता. त्याचं स्वतःचं असं काही विष नव्हतंच. सगळं जुळलं. इतके महिने न सुटलेलं कोडं सुटल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. तिने बर्नर बंद केला आणि बाटल्या पुन्हा आत ठेवल्या.

संध्याकाळी ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं. दादाची होडी वहिनीच चालवायची. तो खाली असला की वर तीच. तिच्या जिभेला धार होती आणि ती लपवायचा तिने कधी प्रयत्न केला नव्हता.

“नणंदबाई न सांगता आल्या,” वहिनी म्हणाली. “म्हणजे एक तर खुशखबर, नाही तर झडती.”

“तू चहा टाक, मग ठरवू.”

वहिनी आत गेली. पाण्यात उतरायचा काळा सूट पडवीतल्या दोरीवर टांगलेला होता. बुरशीवाली त्याच्याजवळून जाताना थांबली. तिने बाही चिमटीत धरली. रबराला घडीच्या जागी पांढरट भेगा पडल्या होत्या. रोज भिजणारं रबर असं तडकत नाही.

“परवाच गेले होते हो बाहेरच्या खडकाला,” आतून वहिनीचा आवाज आला. “चांगले तीस मीटर.”

कोणी विचारलंच नव्हतं.

दादा मागच्या दाराने आला. केस विरळ झालेले, खांदे मात्र अजून तसेच रुंद. तिच्या डोक्यावर टपली मारून तो समोर बसला.

“काय छोटे, मेली का तुझी बुरशी?”

“मेली.”

“मग चेहरा का असा?”

तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडे पाहत सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. पापुद्र्याचं आणि हिरव्या ज्योतीचं वगळून. हॉस्पिटलचं सांगितलं, डॉक्टरांच्या फोनचं सांगितलं, त्या विभागात काचेच्या पलीकडे नळ्या लावून पडलेल्या माणसांचं सांगितलं. सांगताना ती त्याचा चेहरा वाचत होती. त्याने कप उचलला, न पिता खाली ठेवला.

“म्हणजे ते खरंच माणसांना देणार? मी आणलेलं?”

“खूप तपासण्या असतात मध्ये. पण सुरुवात इथूनच. उद्या मी होडीत येते तुझ्याबरोबर. बाईंनी सांगितलंय.”

“इंजिन खोकतंय,” वहिनी पटकन म्हणाली. “परवाच मध्ये बंद पडलं होतं.”

“परवा तर तुम्ही खडकाला गेला होता ना?”

वहिनीने तिच्याकडे असं पाहिलं की लहानपणीची बुरशीवाली असती तर पळून गेली असती. ती पळाली नाही.

“येऊ दे तिला,” दादा म्हणाला.

घरी जाताना तिचा राग वाढत गेला. आळस केला असेल, असं तिला वाटलं. किंवा आता काम जमत नसेल आणि नावावर चाललं असेल. बहिणीचं काम आहे, कोण विचारतंय, हाताला लागेल तो स्पंज खरवडा आणि द्या पिशवीत भरून. उद्या समोरासमोर पकडायचं, असं तिने ठरवलं. परक्या माणसावर इतके महिने पाळत ठेवली, आणि चोर घरचाच.

सकाळी समुद्र शांत होता. इंजिन एकदाही खोकलं नाही. होडी बाहेरच्या खडकावर पोचली तेव्हा किनारा एका रेघेएवढा उरला होता. वहिनीने नांगर टाकला. दादाने हवेचं नळकांडं पाठीला बांधलं, मुखवटा चढवला, आणि होडीच्या कडेवर बसून नको इतका वेळ पट्टे घट्ट करत राहिला. मग मागच्या मागे पाण्यात गेला.

“ते बघ काय,” वहिनी म्हणाली. “त्या तिकडे. केवढा थवा पक्ष्यांचा.”

बुरशीवालीने थव्याकडे पाहिलं नाही. ती बुडबुडे पाहत होती. माणूस तळाशी काम करायला लागला की बुडबुडे त्याच्याबरोबर सरकतात, दूरवर पसरून येतात, मध्येच नाहीसे होतात. हे बुडबुडे नांगराच्या दोराला लागून, होडीच्या अगदी कडेला, एकाच जागी येत होते. जाड आणि भराभर.

“वहिनी, तो खाली गेलाच नाहीये.”

“तुला गं काय कळतं त्यातलं? प्रवाह असतो.”

“प्रवाह असता तर बुडबुडे लांब गेले असते.”

तिने बाकाखालचा जादा मुखवटा ओढून काढला. वहिनीने तिची बाही धरली. “पाणी गार आहे,” ती म्हणाली. तिच्या आवाजाची धार पार गेली होती. “नको ना बघूस.”

बुरशीवालीने बाही सोडवली, कडेवर पोट टेकवलं आणि तोंड पाण्यात घातलं.

दादा तिथेच होता. हात लांब केला असता तर त्याच्या डोक्याला लागला असता. त्याने नांगराचा दोर दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी विळखा घालून धरला होता, झाडावर चढताना घाबरलेलं मूल धरतं तसा. होडीच्या बुडाखाली बांधलेली जाळीची पिशवी, आधीच भरलेली, त्याने सोडवून कमरेला अडकवली होती. आता त्याला फक्त वेळ काढायचा होता. मुखवट्याच्या काचेआड त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. खाली निळं पाणी काळं होत गेलं होतं, आणि त्या बाजूला तो चुकूनही तोंड करत नव्हता.

तिने डोकं बाहेर काढलं. नाकातोंडातून पाणी निथळत होतं ते तिने पुसलंही नाही.

“कधीपासून?”

वहिनी नांगराच्या दोराकडे पाहत होती. “गेल्या वर्षी खाली असताना गाळ उठला. वर कुठे नि खाली कुठे, कळेना. वर आले तेव्हा माझं नाव आठवत नव्हतं त्यांना. त्यानंतर दर वेळी होडीच्या कडेवर येऊन बसतात. म्हणतात, आज जमेल. नाही जमत.” ती थांबली. “तू पहिली पिशवी मागितलीस तेव्हा किती खूश झाले होते. नाही कसं म्हणणार तुला?”

“मग माझ्या पिशव्या?”

“कधी धक्क्याच्या खांबावरून. धक्क्यावर माणसं असली की कडेच्या दगडांवरून, ओहोटीला. तोच जीव आहे, असं म्हणाले. नीट पारखून घेत होते गं.”

बुरशीवालीने ज्यासाठी रात्रभर शब्द जुळवून ठेवले होते ते भांडण राहूनच गेलं. तिने मुखवटा बाकाखाली होता तसा ठेवला, ओला चेहरा पदराने कोरडा केला आणि त्या कडेला पाठ करून बसली. तिला रडू येत होतं आणि रडलेलं दिसायला नको होतं.

थोड्या वेळाने होडी कलली. दादा वर आला होता. त्याने भरलेली पिशवी आत टाकली, मुखवटा काढला आणि जोरजोरात श्वास घेत हसला.

“भरपूर होता आज,” तो म्हणाला. “पण गार फार, खाली.”

“असणारच,” ती म्हणाली.

तिने कोरी चिठ्ठी आणि पेन काढलं. पिशवी दोघींच्या मधे पडून होती, विटकरी, पाणी गाळणारी. धक्क्यावरचा स्पंज. उद्या हा खळं पाडणार, याबद्दल तिला आता तिळमात्र शंका नव्हती. मोठ्या बाई तिच्या शब्दावर तो पुढे पाठवणार. पणबुवा आता काही बोलणार नाही. पुढच्या कोणी कधीतरी तांबं शोधून काढलंच, तर ते पुढचं पुढे. तोपर्यंत टेबल राहील, नाव राहील, आणि या होडीत बसलेल्या माणसाला कोणी काही विचारणार नाही. तिने मांडीवर चिठ्ठी ठेवली आणि लिहायला घेतलं. तिचं अक्षर नेहमीसारखंच आलं.

“काय लिहितेस?” दादाने विचारलं.

“नेहमीचंच. बाहेरचा खडक.”

तो पाहत राहिला. अंगावरचं पाणी त्याच्या पायाशी साचत होतं.

“हे त्या काचेमागच्या माणसांसाठी ना?”

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिलाच कळलं नाही.

“जीव तोच आहे छोटे. पण तू म्हणालीस सुरुवात इथूनच. मग जागेने काही फरक पडतो का? खरं सांग.”

पेन ‘तीस’वर येऊन थांबलं होतं.

“बुडबुडे पाहिलेस तू,” दादा म्हणाला. “मला वरून तुझी सावली दिसली. नाही, डोळे मिटलेलेच होते माझे. पण अंधार आला ते कळलं.”

“अहो,” वहिनी म्हणाली.

“पडतो का फरक?”

“पडतो,” बुरशीवाली म्हणाली. “धक्क्याच्या पाण्यात होड्यांच्या बुडाचा रंग उतरतो. रंगाने मरते बुरशी. स्पंजाने नाही.”

“तुला माहीत होतं?”

“काल कळलं.”

“आणि तरी हे लिहीत होतीस?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी तिने काही फोडलं आणि लपवलं की तो असाच विचारायचा. पणबुवावर घेतलेला संशय, या माणसावर घेतलेला संशय, सगळे तिला एकदम आठवले. तिने ज्याच्यावर केसभरही पाळत ठेवली नव्हती असं एकच माणूस उरलं होतं, आणि त्याच्याच मांडीवर ती चिठ्ठी होती.

“खोड ते,” दादा म्हणाला.

तिने खोडलं.

“धक्का लिही. उत्तरेच्या बाजूचा, शेवटून दुसरा खांब.”

तिने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. वहिनी तोंड फिरवून नांगराचा दोर ओढू लागली, आणि तो ओढायला तिला एरवीपेक्षा फार वेळ लागला.

चिठ्ठीवर आणखी एक रकाना रिकामा होता. तो भरल्याशिवाय चिठ्ठी घेत नाहीत, हा नियमही तिनेच केलेला होता. ती रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं.

“खोली राहिली ना?” दादानेच म्हटलं. नळकांड्याचा पट्टा सोडवत त्याने एकदा खालच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही.

“लिही,” तो म्हणाला. “ओहोटीला उभं राहिलं, की छातीपर्यंत.”